वरच्या मजल्याचा इतिहास

तात्यांनी उभा जन्म दुमजली बस चालवली आणि निवृत्तीनंतर तिचीच हातभर लांबीची प्रतिकृती करायला घेतली. आगाराच्या नव्या संग्रहालयात आपली बस काचेआड उभी राहावी, एवढा एकच ध्यास. खालचा मजला हुबेहूब जमला, अगदी स्टिअरिंगला गुंडाळलेल्या चिंधीसकट. वरच्या मजल्यापाशी मात्र घोडं अडलं, कारण तात्या वर कधी चढलेच नव्हते. ड्रायव्हरने केबिन सोडून वर कशाला तडमडायचं? खरी बस केव्हाच भंगारात गेली होती, जुन्या फोटोंत वरच्या काचांवर नुसतं ऊन होतं, आणि अर्धवट काम संग्रहालय घेणार नव्हतं.

वरचं माहीत असणारा माणूस एकच, त्यांचा कंडक्टर. तो निरोपसमारंभात बोलून गेला होता, "बस मी चालवली, यांनी फक्त स्टिअरिंग धरलं." तेव्हापासून दोघांत अबोला.

"अहो, बोलवा की त्यांना," बायको म्हणाली.

"त्याच्या दारात जाऊ? मी?"

"नका जाऊ. वरचा मजला कापून टाका. एकमजली बसही बसच असते."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तात्या गेले. कंडक्टर तडक आला, चष्मा पुसून बसपुढे बसला.

"वरच्या सीटा कुठल्या रंगाच्या होत्या रे?"

"मी माणसांचे हात बघायचो, तात्या. कोण झोपेचं सोंग करतोय, कोण जुनं तिकीट पुढे करतोय. सीटांकडे बघतो कोण?"

तात्यांना हसावं की रडावं कळेना. मग दोघं कडाकडा भांडले. कंडक्टर तपकिरीवर अडून बसला, तात्या हिरव्यावर. घरात रंग हिरवाच शिल्लक होता, म्हणून इतिहास हिरवा ठरला. पुढची एक सीट मुद्दाम फाडली, नाहीतर लोकांना बस खरी कशी वाटणार?

संग्रहालयाने बस घेतली. खाली पाटी लागली: 'प्रत्यक्ष काम केलेल्यांच्या आठवणींतून.' उद्घाटनाला दोघे कडक इस्त्रीचे शर्ट घालून शेजारी उभे राहिले. एक म्हातारी काचेशी वाकली ती वाकलीच.

"हीच ती फाटकी हिरवी सीट," ती नातीला म्हणाली. "इथेच तुझे आजोबा पहिल्यांदा माझ्याशेजारी येऊन बसले." आणि तिने डोळ्यांना रुमाल लावला.

कंडक्टरने पुन्हा चष्मा पुसला. "हिरवीच होती," तो हळूच म्हणाला. "आता आठवलं मला."

आजवर त्याचं एकही म्हणणं मान्य न केलेल्या तात्यांनी मुकाट मान हलवली. त्यांनाही ती सीट आठवायला लागली होती.