गादीच्या कामाला एक

तेव्हा मी जेमतेम साठीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. मंगरूळपीरला आमचं गाद्या-रजया भरायचं काम. पुढं दुकान, मागं घर. एका दुपारी टॅब घेऊन एक मुलगी आली. कोणत्या कामाला काय काय लागतं, याची माहिती गोळा करत हिंडत होती. म्हणाली, ही यादी मोबाईलवर येते, पोरं ती बघून काम निवडतात, आणि कशाकशाचे वर्ग काढायचे तेही तिच्यावरूनच ठरतं.

मागं कापूस पसरणाऱ्या सुनेचा हात थांबला. तिच्यासारखी गादी आमच्यात कोणी भरत नाही, मीसुद्धा नाही. असा वर्ग निघाला तर शिकवायला तिलाच घेतील, एवढं मलाही कळलं होतं.

"आजी, एक ते पाचात सांगा. या कामाले अचूकपणा किती लागते?"

"एक लिव्ह."

"नजर?"

"एक. डोये मिटून होते."

"शिकाले किती दिवस?"

"त्यात शिकाचं काय? पाहून पाहून येते."

"आत्याबाई, तसं नाही ना," सून म्हणाली.

"तू गप राह्य. चहा ठेव."

आपल्या हातच्या कामाची परक्यापुढं तारीफ करायची नाही, दृष्ट लागते, ही आमची रीत. ती मी अगदी तोऱ्यात पाळली. जितके प्रश्न, तितके एक. स्वतःवर इतकी खूश, की संध्याकाळी अर्धी भाकर जास्त खाल्ली.

काही महिन्यांनी सुनेनं मोबाईल माझ्यापुढं धरला. गादी भरणे, विशेष कौशल्य लागत नाही. वर्ग शिवणकामाचा निघाला होता. "हे तुमचेच एक हायेत," एवढंच म्हणाली आणि दाभणात दोरा ओवायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, तालुक्यातून तुमचं एकटीचंच उत्तर आलं होतं. हेच काम करणाऱ्या आणखी दहा जणी द्या, मग सरासरी काढून आकडे नव्यानं लागतील.

निघाले गुडघे घेऊन. दर्ग्यामागची एक, बस स्टँडजवळच्या दोघी जावा, पार केनवडपर्यंत. जी ती म्हणे, "आपलं काय हो, साधं काम."

"मंग तुह्या गादीत गाठ काहून राहत नाही?"

"ते हातालेच समजते."

"तेच सांग त्या पोरीले."

"कायले? मोठेपणा दिसते."

घरोघरी हेच, आणि घरोघरी चहा. प्रत्येक उंबऱ्यावर त्या दुपारची मीच बसलेली, तिचीच समजूत काढायची. नऊ जणी कशाबशा झाल्या.

मग दहाव्या उत्तरासाठी ती टॅबवाली मुलगी पुन्हा आमच्याकडे आली आणि सुनेसमोर बसली. सून एकेका प्रश्नाला थांबायची. ताकद तीन. अचूकपणा पाच. नजरेला पाच म्हणून परत चार केलं, म्हणाली, "बाकीचं बोटं पाह्यतात." शिकायला दोन वर्षं.

वर्गाचं अजून काही कळलेलं नाही. पण तो तासभर मी मध्ये एक शब्द बोलले नाही. दहा गाद्या भरूनही मी एवढी थकले नसते.