थांब, मी पाहून येतो

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि ज्या डॉक्टर बाईंच्या खोलीत सांगायलाच हवं होतं, तिथं तर मुळीच नाही. त्यांनी सरळ विचारलं होतं. उत्तर जिभेवर होतं, आणि मी दुसरंच बोललो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या घरी येणार नाही म्हणून असेल. भित्रा माणूस कबुलीही अशीच देतो, घरच्यांना वगळून.

आधी मी किती सभ्य दिसतो ते सांगतो. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासतो. गाड्यांचे लहान लहान भाग येतात. मी मापतो, चुकलेले बाजूला काढतो. माझ्या टेबलावरून खराब माल पुढे गेला, असं सहसा होत नाही. साहेब नवीन पोरांना माझं उदाहरण देतात. पक्का माणूस म्हणतात मला. पक्का! मापलेला भाग मी पुन्हा मापतो, मग पुन्हा — कारण माप डोळ्यांना दिसतं, पण मनाला पटत नाही. हे त्यांना कुठं ठाऊक? तिथं मला याचा पगार मिळतो. घरी मिळत नाही, म्हणून घरी लपवावं लागतं.

रस्त्यावरही. संध्याकाळी मोटारसायकलनं निघालो की रिंग रोडवर एखाद्या खड्ड्यात चाक आदळतं. तुमचंही आदळत असेल. तुम्ही महापालिकेला शिवी घालून पुढे जाता. मला वाटतं — खड्डाच होता ना? की कोणी माणूस होता? आरशात पाहतो, रस्ता मोकळा. तरी पुढच्या चौकातून गाडी वळवतो, मागे येतो, त्या खड्ड्यापाशी उभा राहतो. रक्त नाही, गर्दी नाही, टपरीवरची माणसं निवांत चहा पीत आहेत. निघतो. आणि निघताना चाकाखाली पुन्हा काहीतरी आलं, असं वाटतं. घरी पोचायला उशीर होतो. बायकोला सांगतो, ओव्हरटाइम होता. ती बिचारी भाजी पुन्हा गरम करते.

हे कुठून आलं? माहीत आहे मला. आम्ही विणकर. तांडापेठेत वडिलांचा हातमाग होता, नागपुरी लुगडी विणायचे. त्यांच्या लुगड्यात खोट सापडायची नाही, असं व्यापारी सांगायचे, आणि ते खरं होतं, कारण वडील विणलेलं उसवायचे. चांगलं, बिनचूक विणलेलं. एखादा तार सुटला असेल अशी शंका आली की आडवा धागा नेणारा धोटा थांबायचा. आडवे तार एकेक करून मागे काढायचे, पुन्हा विणायचं. आई कपाळाला हात लावायची. बाहेरचे म्हणायचे, काय नजर आहे! मग पॉवरलूम आले, माग मोडीत गेला, आणि वडिलांच्या हातांना काम उरलं नाही. तेव्हा ते दाराची कडी पाहू लागले. स्टोव्ह विझला का ते पाहू लागले. विझलेला स्टोव्ह, पुन्हा पुन्हा. गल्लीतले म्हणाले, माग गेला म्हणून डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र दिसत होतं की हे तेच उसवणं आहे, फक्त पुढ्यात कापड नाही. आणि माझाही हात तोवर कडीकडे जायला लागला होता.

म्हणजे डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा मला काय ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं.

पूर्वा आमची एकुलती एक. कोरोनाच्या काळात तिचं हात धुणं वाढलं, तेव्हा कोणाला वावगं वाटलं नाही. सारं गावच हात धूत होतं. माझी बायको वंदना मुळातच टापटिपीची. बाहेरून आलं की हातपाय, पिशवी, मोबाईल — सगळं स्वच्छ करायला लावायची. पुढे साथ गेली, लोक विसरले. पूर्वा विसरली नाही. हाताची कातडी सोलून निघेपर्यंत धुवायची. दहावीच्या वर्षी त्याच्या जोडीला गॅस आला, कुलूप आलं. ट्यूशनला निघालेली पोरगी अर्ध्या रस्त्यातून परत यायची. एकदा स्वयंपाकघरात गॅसपाशी बसून रडत होती. "आई, मले दिसते ना का बंद आहे म्हणून. पण वाटतच नाही."

वंदनाला ते कळेना. ती आळीपाळीनं रागवत होती आणि जवळ घेत होती. मला कळलं. इतकं कळलं की मी तिथून उठून अंगणात गेलो.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी ओसीडी म्हणून सांगितलं. मन एकाच शंकेवर अडकून बसतं तो आजार. बाई शांत होत्या. म्हणाल्या, रक्ताच्या नात्यात कोणाला असेल तर असा आजार होण्याची शक्यता वाढते, पण नुसतं तेवढंच नसतं. एखादं आजारपण, भीती, परीक्षेचा ताण, घरातलं वातावरण — बाहेरचंही बरंच काही त्यात मिसळतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला, किंवा दोघांच्या घरी कोणाला, असं काही?"

वंदना आठवू लागली. आईकडचे, वडिलांकडचे, उमरेडचा मामा — नाही, कोणी नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. पूर्वानंही पाहिलं.

मी म्हणालो, "आमच्याकडे कोणालाच नाही, मॅडम."

किती सहज निघालं तोंडून! याची कारणं मला रचून सांगता येतील — नोकरीची भीती, लोक काय म्हणतील. रचत नाही. पण त्या वाक्यानं काय केलं ते ऐका. रक्तात नाही म्हटल्यावर उरलं काय? घर. आणि घरात हात धुवायला लावणारी कोण होती? आईनं स्वच्छता शिकवली म्हणून हा आजार होत नाही, असं बाईंनी तिथंच निक्षून सांगितलं. वंदनाच्या कानात ते शिरलंच नाही. जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबली. "माह्यामुळंच झालं हो," म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालणारा भला नवरा!

पुढे माझी थोरली बहीण भेटायला आली. तिनं तर तोंडावरच सुनावलं, "तूच करून ठेवलं वं हे, वंदना. हात धू, पाय धू, सदा तेच. खाण तशी माती!" वंदना मान खाली घालून चहा गाळत होती. खाण समोर खुर्चीत बसून तो चहा प्याली.

त्या दिवसापासून वंदनानं पूर्वाला हात धू म्हणून सांगणं सोडलं. स्वतः ओटा पुसायलाही ती पूर्वा घराबाहेर जाण्याची वाट पाहायची. घरच्या देवाची पूजाही घाबरत, घाईघाईनं उरकायची, पोरीनं पाहिलं तर काय, म्हणून. जी बाई घर आरशासारखं ठेवायची, ती स्वतःच्या घरात चोरासारखी वावरू लागली. चोर तर मी होतो.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच. एक खोटं बोलला बापडा. नाही — खरं अजून पुढेच आहे. तेच सांगायला जीभ जड होते.

औषधं सुरू झाली, आणि त्यासोबत एक शिस्त. पूर्वानं विचारलं, गॅस बंद आहे ना, तर घरच्यांनी हो म्हणायचं नाही. उठून पाहायला तर जायचंच नाही. फक्त म्हणायचं, असेल, नसेलही. खात्री दिली की शंका वाढते, असं बाई म्हणाल्या. वंदनानं ते मन घट्ट करून पाळलं. पोरगी रडायची, आई रडायची, पण आई ओट्याकडे जायची नाही.

आणि मी? वंदना बाजारात गेली की पूर्वा दारात उभी राहून माझ्याकडे बघायची. "बाबा, गॅस बंद आहे ना?" मी म्हणायचो, "थांब, मी पाहून येतो." तिची दया येऊन नव्हे. तुम्ही तसं समजाल म्हणून सांगतो — नव्हे. मला स्वतःला जायचं असायचं. सकाळपासून माझ्या डोक्यात तोच गॅस चालू असायचा, आणि उठायला निमित्त नसायचं. तिनं विचारलं की मला निमित्त मिळायचं. तिच्या नावाखाली मी बटण चाचपायचो, वास घ्यायचो, पुन्हा चाचपायचो. कधी कधी तर तिनं विचारलंही नसायचं. चपला घालताना मीच म्हणायचो, "गॅस पाहिला का वं?" आणि तिचा चेहरा उतरायचा. बरी होऊ पाहणाऱ्या पोरीला मी पुन्हा ओट्याकडे वळवत होतो, माझ्या जिवाला घटकाभर गार वाटावं म्हणून.

सुधारणा अडली. डॉक्टर बाईंनी विचारलं, घरात कोणी तिला खात्री देतं का? पूर्वानं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत राहिली. ती मला वाचवत होती, मुलगी बापाला! मग वंदना बोलली, "मीच, मॅडम. निघून जाते कधी तोंडातून. माह्यानं राहवत नाही." निघालं असेल तिच्या तोंडून एखाद्या वेळी. पण तिनं तेही ओझं उचललं, आणि मी उचलू दिलं.

त्याच दुपारी वंदना औषधं घ्यायला दुकानात शिरली. आम्ही दोघं गाडीपाशी उभे होतो. मी गाडीचं हँडल लॉक झालं का ते हलवून पाहत होतो. पूर्वा म्हणाली, "बाबा, तुमाले पण असं होते का?"

तिच्या आवाजात आशा होती. हे मला आजही झोंबतं. तिला सोबत हवी होती.

"मले काहून होईन वं? मी काय पागल आहो?"

हे मी म्हणालो. माझ्या पोरीला, ती आजारी असताना. ती "नाही, सहजच" म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दुसऱ्या दिवशी मी ओट्याकडे निघालो तेव्हा तिनं मला अडवलं. "बाबा, तुमी पाहून नका येऊ आता." म्हणजे ती बरी झाली ती औषधानं, बाईंच्या उपचारानं, आईच्या कणखरपणानं — आणि माझ्यापासून स्वतःला वाचवून.

आता ती कॉलेजात जाते. त्रास अधूनमधून डोकं वर काढतो, पण तिला त्याला तोंड देता येतं. खरं सांगू? मला तिचा हेवा वाटतो. वंदना अजूनही पाहुण्यांसमोर म्हणते, माझ्याच अति स्वच्छतेनं पोरीला त्रास झाला. मी पेपर वाचत असतो. आधी अपघाताच्या बातम्या, त्यातही रिंग रोडवरच्या.

परवा सावनेरला लग्नाला निघालो होतो. वंदना ऑटोत बसली. कुलूप मी लावलं, ओढून पाहिलं. पायऱ्या उतरलो, परत चढलो, पुन्हा ओढलं. मागे पूर्वा येऊन उभी राहिली होती. ती चिडली नाही, हसली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, लागलं असेल. नसेलही. चला." तिला शिकवलेले शब्द तिनं मला दिले. किती सोपं करून दिलं होतं पोरीनं! नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "कुलूप ढिलं झालं वं हे. नीट बसत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पायऱ्या उतरून गेली.

वंदनानं ऑटोतून ते ऐकलं होतं. परत आल्यावर ती स्वतः जाऊन नवीन कुलूप घेऊन आली, चांगलं जड. "घ्या, आता चिंता नाही तुमाले." जुन्याला काहीच झालेलं नव्हतं, म्हणून ते तिनं मागच्या दाराला लावलं. आता घरातून निघताना मी दोन्ही ओढून पाहतो.