पातं कुणी धरलं?

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. त्यामुळे आता माझी करायची तर खुशाल करा... पण आधी ऐका.

छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड आहे. जागेवरून सरळ वर उडणाऱ्या इलेक्ट्रिक विमानांचे रोटर, म्हणजे ते मोठे पंखे, आम्ही जाळीच्या पिंजऱ्यात फिरवून तपासतो. मी टेस्ट इंजिनिअर. आमचा एक नियम कडक – पिंजऱ्यात जाणाऱ्यानं मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. कुलूप असेपर्यंत पंखा सुरूच होत नाही.

खंडेनवमीला मात्र हत्यारांबरोबर कुलपंही हळदकुंकू लावून पूजेच्या ताटात गेली. लोकांची ये-जा चालू, म्हणून दार उघडं असताना पंखा अडवणारा सेन्सरही बंद. नारळ फुटला, सगळे बाहेर आलो. साहेब मुहूर्ताचं बटण दाबायला कंट्रोल रूममध्ये आले, मी सोबत. तेवढ्यात आमचे मेकॅनिक युनूसभाई रोटरवरचा हार काढायला परत आत गेले. एक हारच तर काढायचा, म्हणून कुलूप ताटातच राहिलं. साहेबांनी स्विच मोकळा बघितला आणि बटण दाबलं.

काचेतून मला दिसलं – युनूसभाईंचा हात पात्यावर! मी किंचाळले. स्क्रीनवर मोटरचा करंट सरसर चढत होता... आणि वेग शून्य. पातं जागचं हललं नाही. मी इमर्जन्सी बटणावर हात मारला.

युनूसभाई हार घेऊन बाहेर आले, चेहरा पांढराफटक.

"तुम्ही धरून ठेवलं होतं?" मी काहीतरीच विचारलं.

"म्या काय धरतो, म्याडम? हात तुटून गेला असता. पातं लई थरथरत व्हतं... पलीकडून कुणी तरी दाबून धरल्यावानी. अल्ला कसम."

पलीकडे कुणीच नव्हतं.

मग पिंजरा रिकामा करून, काहीही न बदलता, साहेबांनी तेच बटण पुन्हा दाबलं. पापणी लवायच्या आत पाती दिसेनाशी झाली. पुढे मोटर उघडली, सगळं तपासलं. दोष नाही. ब्रेक म्हणाल, तर या मोटरला ब्रेकच नाही. एवढी ताकद कुणाची, आणि ती इतक्या मायेनं कुणी वापरली? अंगावर आजही काटा येतो, पण भीतीनं नाही.

उत्तर अजून नाही. दुपारी युनूसभाई समोर बसून डबा उघडतात आणि मी कधी कधी नुसती त्यांच्याकडे बघत राहते.

"काय बघता, म्याडम?" ते म्हणतात. "घ्या की... गरम हाय अजून."