एस्टेलबाईंना विचारायचा शब्द

शारजाला उतरताना खिडकीतून आधी नुसती वाळू दिसली, मग एकाएकी इमारती. शेजारचे गृहस्थ "आलं बघा" म्हणाले. मी साताऱ्याला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. परदेशात पहिल्यांदाच आले होते, तेही एका आजारी बाईंना एक प्रश्न विचारायला. तो ऐकण्याइतक्या त्या शुद्धीत असतील का, हे त्यांच्या मुलीलाही सांगता येत नव्हतं.

एस्टेलबाई मूळच्या एका कॅरिबियन बेटावरच्या, बंदरातल्या हमालाची मुलगी. आयुष्यभर लंडनला शिकवलं. त्यांचं म्हणणं असं की, गुलामगिरी ही भांडवलशाहीच्या वाटेतली चूक नव्हे. भांडवलशाही तिच्याच खांद्यावर उभी राहिली. आणि गुलाम केलेल्या माणसांनी मुक्तीचा विचार युरोपच्या पुस्तकांतून उसना आणला नाही. पळून जाऊन रानात वसवलेल्या वस्त्यांत, धक्क्यावरच्या संपांत, प्रार्थनांत तो त्यांनी स्वतः घडवला. त्यांच्या लेखी 'ब्लॅक' हा कातडीचा रंग नव्हता, ती घेतलेली बाजू होती.

त्यांचं पुस्तक मी मराठीत आणत होते आणि नेमकी या शब्दाशी अडले होते. सगळीकडे 'कृष्णवर्णीय' लिहिलं होतं. सभ्य शब्द, पण निर्जीव. पत्रव्यवहार चालू असतानाच बाईंना पक्षाघाताचा झटका आला. मुलगी नाओमी शारजातल्या शाळेत शिकवते, तिने त्यांना आपल्याकडे आणलं. "यायचं तर लवकर या," एवढंच तिने कळवलं होतं.

माझा मावसभाऊ नितीन शेजारच्या दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. त्याच्या बायकोने, शीतलने, गरम आमटी-भात वाढला, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"ताई, प्लीज, तिकडे पॉलिटिकल काही बोलू नका हं. यांचं व्हिसा रिन्यूअल आहे पुढच्या महिन्यात."

"अगं, म्हाताऱ्या बाईंना भेटायला चाललेय, सभा घ्यायला नाही."

"तसं नाही हो... पण पुस्तकात गुलामगिरी काय, संप काय!"

त्यांची लेक इरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, रिलॅक्स. इट्स जस्ट अ बुक." शीतल रिलॅक्स झाली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी निघणार, तोच नाओमीचा फोन आला. बाईंना रात्री ताप भरला होता, हॉस्पिटलात नेलं होतं. मग नुसतं थांबणं. नितीनने जीव रमावा म्हणून दुबईतल्याच करामा भागात नेलं. तिथल्या जुन्या बैठ्या इमारतींखाली डोसे, मिसळ, साड्यांची दुकानं. क्षणभर वाटलं, पुण्यातच आहोत. करक (दाट, वेलची घातलेला चहा) मागवला आणि तो समोर गार होत गेला. माझं लक्ष फोनवर. परतीचं विमान दोन दिवसांवर आलं होतं.

शेवटी निरोप आला: "घरी आलोय. उद्या सकाळी, थोडाच वेळ."

शारजातल्या अल मजाजला, नाओमीच्या घरी जायला टॅक्सी केली. रस्ता तुंबलेला. पेशावरचे ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाले, "बहनजी, घबराइए मत, इन्शाल्ला पहुँच जाएँगे." पोचले ती भलत्याच टॉवरपाशी. खालिद सरोवराच्या काठाने सगळे टॉवर सारखेच दिसत होते. उन्हात धापा टाकत मी योग्य दार गाठलं, तेव्हा पदर घामाने चिंब होता.

नाओमीने दारातच हळू आवाजात बजावलं, "ती दमली की थांबायचं. वाद नको."

बाई खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होत्या. उजवा हात मांडीवर निपचित. तुमच्या 'ब्लॅक'साठी मराठीत कोणता शब्द घेऊ, मी विचारलं. त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मला वाटलं, उशीर झाला.

मग एकेक शब्द ओढून काढत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे... मनाला लागेल असं... काय म्हणतात?"

"काळी."

"कोण... म्हणतं?"

"घरचेच. माझी आत्या मला म्हणायची. लग्न कसं जमायचं हिचं, म्हणून."

"आणि पुस्तकात... तू काय लिहिलंस?"

मी 'कृष्णवर्णीय' उच्चारला, अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा संतापाने ताठला. नाओमी पुढे झाली. बाईंनी डाव्या हाताने तिला थांबवलं.

"धुतलास तू... माझा शब्द. आम्ही तो... शिवीतून उचलला. छातीवर लावला. तू परत... साबण लावलास."

मी हातातले कागद आवरू लागले. भीती वाटत होती की यांना आत्ता काही झालं तर ते माझ्यामुळे होईल. पण त्या थांबेनात. "अजून एक. मी... फक्त पुरुष लिहिले. धक्क्यावरचे. माझी आई... संपात तीच जेवण पोचवायची, निरोप न्यायची. ते राजकारण... मला दिसलं नाही. प्रस्तावनेत लिही. मी म्हटलं, म्हणून लिही."

"लिहीन."

"वाच आता. तुझ्या भाषेत."

मी पहिला परिच्छेद वाचला, 'कृष्णवर्णीय'च्या जागी 'काळा' म्हणत. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण तो शब्द आला की त्या मान हलवत होत्या. मग डोळे मिटले. नाओमीने मला खूण केली. बाहेर येऊन तिने माझ्यासमोर लुकैमात (खजुराच्या पाकातले गोड वडे) ठेवले आणि स्वतःच रडू लागली. "झटक्यानंतर ती इतकं बोललीच नव्हती," ती म्हणाली.

साताऱ्याला परतल्यावर काही आठवड्यांनी तिचा निरोप आला. दुसरा झटका. बाई आहेत, पण वाचा गेली.

त्या दिवशी प्रस्तावना वर्गात नेली. पहिल्या बाकावरच्या मुलीला वाचायला दिली. 'काळा' या शब्दापाशी ती थबकली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हा असाच वाचू?" मागून कुणीतरी हसलं. छापण्याआधी बदलावा का, हा विचार मला अजूनही छळत होता. दूरच्या त्या खोलीत एक बाई आता काहीच सांगू शकत नव्हत्या, आणि इथे निर्णय माझा होता.

"असाच वाच," मी म्हटलं. "मोठ्याने."

तिने वाचला. ओळ पूर्ण होईपर्यंत मी मागच्या बाकांकडे बघत होते. मागचं हसू थांबलं होतं.