दादा आणि पाणीचोर गाठ

दवाखान्यात रोग्याच्या उशाशी बसून चष्म्याशिवाय मोबाइल मोठ्याने वाचू नये, हे मला त्या दिवशी कळलं. लिव्हरच्या कॅन्सरवर काही नवं हाती लागतंय म्हणून मी उत्साहाने सुरुवात केली, "मेला..." आणि पुढचं अक्षर लागेना म्हणून थांबलो. डबा घेऊन दाराशी आलेल्या वहिनींनी तेवढंच ऐकलं आणि हंबरडा फोडला. खाटेवरून स्टीलचा पेला सुटला आणि माझ्या कानाजवळून भिंतीवर आदळला.

"मेलाटोनिन!" मी ओरडलो. "औषधाचं नाव आहे!"

"जवाई आहा म्हणून भिंतीले मारला," खाटेवरचे दादा म्हणाले. "वाचा पुढचं, जवाईबापू."

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, वहिनींचे नवरे. गावी, खाप्याला, त्यांची संत्र्याची बाग. जगाशी ते हातानेच बोलत. जावयावर तेवढा हात उचलायचा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. माझे दात शाबूत आहेत, यात माझं कर्तृत्व काही नाही.

कळमन्याच्या फळबाजारात एका दलालाने त्यांच्या संत्र्यात अंगठा खुपसून "नरम आहे" म्हटलं. दादांनी तोच अंगठा मुरगळला. हाडाचा आवाज मी जवळून ऐकला आणि मोठ्या धैर्याने हातातला चहा संपवला. दाढ दुखली तेव्हा स्वतःच पकडीने उपटली आणि रक्त थुंकत म्हणाले, "तरास देते त्याले ठेवाचं काहून?"

पण सगळ्यात गाजली ती पाटाची मारामारी. शेजाऱ्याने त्यांच्या पाटाला आडवा चर खोदून पाणी आपल्या झाडांकडे वळवलं. दादांनी फावड्याच्या दांड्याने त्याचं मनगट मोडलं. मग त्यालाच ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं, वाटभर शिव्या देत पाणीही पाजलं.

मेलाटोनिनचं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी दादांनाच समजावलं, "गाठ वाढायला तिला रक्त लागतं. त्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढते. प्रयोगशाळेत पेशींवर मेलाटोनिन टाकलं, तर हे ओढणं कमी होतं असं दिसलंय. अंधारात आपलं शरीरही ते तयार करतं. पण माणसाची गाठ त्याने आटोक्यात येते, असं अजून म्हणता येत नाही. गोळ्या मी देते त्याच घ्यायच्या."

शेवटचं दादांनी ऐकलंच नाही. "म्हणजे हे गाठ माह्या रक्ताचा पाट फोडून राहिली? चोट्टी!" किती दिवसांनी त्यांच्या नजरेला धार आली होती.

उपचारासाठी ते वहिनींसह शहरात, प्रतापनगरला आमच्याकडे राहिले आणि उजेडाशी युद्ध सुरू झालं. दिवेलागणीला त्यांनी जेवणाच्या खोलीतली ट्यूबलाइट काठीने फोडली; काचा माझ्या वरणात. समोरच्यांचा हॅलोजन दगडाने गेला. समोरचे जाब विचारायला आले, तर तेवढ्यानेच दमून आडव्या झालेल्या दादांनी खाटेवरूनच त्यांची कॉलर धरली आणि शर्टाची बटणं फरशीवर उडाली. मी माफी मागितली आणि बटणं गोळा केली.

ते सगळं चाललं असतं. पण त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या मोरीत फेकल्या. जगण्याची होती नव्हती ती आशा त्या गोळ्यांतच होती.

"अंधार हाये ना! गोळ्या काहून?"

मी "दादा, पण..." एवढं बोललो आणि मागे सरकलो. बायको पुढे झाली. भावापुढे कधी मान वर न करणारी ही बाई. तिने त्यांच्या थोबाडीत ठेवून दिली.

"अंधार कर तू पाहिजे तेवढा," ती म्हणाली. "पण गोळी घे. दोघं मिळून मारू त्या गाठीले."

दादांनी गाल चोळला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जवाईबापू, हे तुम्हाले बी मारते का?"

मी पंख्याकडे पाहिलं.

त्यानंतर रोज खिडकीला काळा पडदा ओढून ते गोळी गिळत आणि फुगलेल्या पोटावर मूठ आपटून गाठीला दम देत, "बुडाले पानी लागू देत नाही तुह्या! सुक तिथंच!" वहिनी हात धरायला जात, तर त्यांनाही झटकत.

गाठ ऐकली नाही. एका दुपारी दादा गेले. मूठ वळलेलीच होती. वहिनींनी ती एकेक बोट करून उघडली.

तेरवी आटोपल्यावर मी पडदा काढायला स्टुलावर चढलो. "कशाचाच उपयोग झाला नाही गं," म्हणालो.

बायको खाली स्टूल धरून उभी होती. "झाला ना," ती म्हणाली. "भांडाले कोणी नसतं, तर दादा रडत गेला असता. तसा मले पाहवला नसता."