शे आणि शी

आमच्या नाशकात समईशिवाय काहीही सुरू होत नाही, त्यामुळे संकेतस्थळाच्या उद्घाटनालाही समई आली. ती लॅपटॉपशेजारी ठेवली होती. पंख्याने वात विझायची म्हणून पंखा बंद केला, मग अध्यक्षांना घाम फुटला म्हणून पुन्हा लावला. शेवटी विझलेल्या समईला नमस्कार करून अध्यक्षांनी बटण दाबलं आणि टाळ्या झाल्या. खरं तर ते संकेतस्थळ आधीच दोन-तीन वर्षं चालू होतं. आम्ही दहा-पंधरा रिकामटेकडी वाचणारी माणसं ते वापरत होतो. एका सांस्कृतिक संस्थेने ते दत्तक घेतलं होतं आणि त्या बारशाला आम्हाला चहापुरतं बोलावलं होतं.

मुळात मामला अगदी साधा होता. इंटरनेटवर एखादं पान आवडलं की त्याची खूण तिथे ठेवायची, आणि पुढे सापडावं म्हणून तिला एका शब्दाची चिठ्ठी डकवायची. टॅग म्हणतात तो हाच. चिठ्ठीवर काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. एकाने 'द्राक्ष' लिहिलं, दुसऱ्यानेही 'द्राक्ष' लिहिलं, की दोघांची पानं आपोआप एका ढिगात. सर्वांत लोकप्रिय चिठ्ठी होती 'नंतरवाचू'. तिच्याखालचं कोणी नंतर वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण माणसाच्या सदिच्छेचं एवढं मोठं गोदाम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

माझ्या कामाची चिठ्ठी एकच होती. 'शे'.

माझी आई नामपूरकडची. घरात अहिराणी बोलायची, बाहेर पडताना पदर सारखा करावा तशी भाषाही सारखी करायची. अहिराणीतली पानं शोधताना मला कळलं, की लिहिणारे लोक भाषेचं नाव लिहीतच नाहीत. लिहिलं तर कोणी अहिराणी, कोणी आहिराणी, कोणी खानदेशी. उपाय काढला नामपूरच्या माझ्या मावसबहिणीने. "भाऊ, नाव कशाला शोधतोस? वाक्य संपतं तिथं 'शे' असतंच ना. 'शे' लिही. त्यात चुकायला जागाच नाही." खरंच नव्हती. हळूहळू त्या अक्षराखाली गोष्टी, उखाणे, कळण्याच्या भाकरीची कृती, बाजारातल्या भांडणाची एक अप्रतिम चित्रफीत, असं बरंच जमलं. कळवणचा कोणी एक जण, ज्याचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, तोही भर घालू लागला.

त्यानेच एक हळदीचं गाणं ठेवलं. एका म्हातारीच्या आवाजातलं, मागे शेळी ओरडते आहे असं. बहिणीने मला फोन केला तेव्हा ती रडत होती की हसत, ते समजेना. तिची आई, म्हणजे माझी मावशी, हळदीला म्हणायची तेच गाणं, त्याच चालीत. मावशी गेल्यावर ते तिच्या घरातून संपलं होतं. बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. "हळदीला मी हेच म्हणणार," ती म्हणाली. "पहिल्या तीन ओळी नवरीच्या, त्याच्यापुढे सगळा मामा. मामा उशिरा आला, मामाने तोकडं लुगडं आणलं, मामाच्या मिशीला उवा. तू मामा. उभं राहून ऐकावं लागेल."

मी म्हटलं, ऐकेन. मिशी नाही, तरी ऐकेन.

ती एकेक ओळ पाठ करू लागली. तीन ओळी झाल्या आणि संस्थेने संकेतस्थळ दत्तक घेतलं.

दत्तक घेतल्यावर पहिल्यांदा टॅग हा शब्द गेला. आता त्याला 'संज्ञापट्टिका' म्हणायचं. मग अध्यक्षांनी आपल्या भाषणांची पानं आणून ठेवली आणि प्रत्येकाला हाताला लागतील त्या सगळ्या पट्टिका लावल्या. 'कांदा' दाबलं की अध्यक्षांचं भाषण. 'द्राक्ष' दाबलं की तेच भाषण. मी गंमत म्हणून 'मूळव्याध' दाबून पाहिलं, तर तिथेही ते शाल पांघरून उभे होते. इथवर मी हसत होतो. मग एका सकाळी बहिणीचा फोन आला.

"भाऊ, ते गानं कोठे शे? आठे ते काहीच नही शे."

घाबरली की ती माझ्याशीही अहिराणी बोलते. मी उघडून पाहिलं. 'शे' नव्हतंच.

दुपारी संस्थेत गेलो. अध्यक्ष आणि कार्यवाह चिवडा खात बसले होते. भिंतीवर अध्यक्षांच्या सत्काराचे फोटो, त्यात सत्कार करणारेही बहुतेक तेच.

"'शे' कुठे गेलं?" मी विचारलं.

"शे म्हणजे?" कार्यवाह म्हणाले.

"शे म्हणजे आहे."

"काय आहे?"

"काही नाही. शे म्हणजेच 'आहे'."

"अहो, पण काय आहे ते सांगाल की नाही?"

अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आपल्याला सगळं समजलं आहे असा त्यांचा चेहरा झाला. "ते होय! ते आम्ही 'महिला सबलीकरण'मध्ये विलीन केलं. इंग्रजीतली 'ती' हो. कोणी तरी 'शी' लिहायला गेलं असणार, पण मराठीत ते बरं दिसत नाही. म्हणून बिचाऱ्याने संकोचाने 'शे' लिहिलं. आम्ही भावना ओळखली."

भावना ओळखली. एका प्रांतातल्या माणसांच्या तोंडात दिवसभर असणारा शब्द यांनी उचलला, तो परक्या भाषेतला आहे असं ठरवलं, त्यात चूक काढली आणि ती चूक मोठ्या मनाने पोटातही घातली. इतकं सगळं, नाशकापासून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचता येईल अशा गावांच्या भाषेबद्दल. त्यांना विचारायचं सुचलं नाही, कारण विचारायला आधी आपल्याला काही माहीत नाही हे सुचावं लागतं. माझ्या तोंडून त्या क्षणी जो उद्गार बाहेर पडला, तो त्यांना इंग्रजी वाटला असेल तर माझी हरकत नाही.

"अहिराणी आहे ती," मी म्हटलं.

"अरे वा! बोलीभाषांवर आमचं नितांत प्रेम," अध्यक्ष म्हणाले. "आपण बोलीभाषा दिन घेऊ. तुमचा सत्कार करू. घ्या, चिवडा घ्या."

"आधी ती पानं वेगळी करून द्या."

कार्यवाहांनी मान हलवली. विलीन केलेलं वेगळं होत नाही. कोणत्या पानाला आधी कोणती पट्टिका होती याची नोंद राहत नाही. उपसमिती नेमता येईल, पण पुढच्या बैठकीत.

मी ठेवलेली पानं मला माझ्या खात्यात दिसत होती. पण गाणं कळवणच्या माणसाने ठेवलं होतं, त्याचं टोपणनावही संस्थेने केलेल्या सदस्ययादीच्या शुद्धीकरणात उडालं होतं, आणि त्या पानाचं शीर्षक होतं नुसतं 'नवीन रेकॉर्डिंग'. बहिणीच्या मोबाईलवर तिचा मुलगा दिवसभर क्रिकेट बघतो, तिथल्या आधी उघडलेल्या पानांच्या यादीत तर काही उरलं नव्हतं. मग ती नामपुरात आणि मी नाशकात, दोघं 'महिला सबलीकरण' उपसत बसलो. त्या ढिगात शिलाई यंत्रांचं वाटप होतं, गोरं होण्याचे उपाय होते, वधूवर मेळावे होते, रांगोळीत काढलेला अध्यक्षांचा चेहरा होता. बाई मात्र कुठे भेटत नव्हती. बाईचा आवाज तर नाहीच. हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही शोधत होतो, गाणं सापडलं नाही.

हळद नामपूरला, घरासमोरच्या मांडवात. बायका जमल्या, डीजेवाल्याला जरा थांब म्हणून सांगितलं. बहीण पाटाशेजारी बसली आणि तिने सुरुवात केली. आवाज मावशीचाच. पहिली ओळ, दुसरी ओळ. म्हाताऱ्या बायका माना डोलावू लागल्या. वराकडच्या, देवळा गावाहून आलेल्या बायका फोन खाली ठेवून ऐकत होत्या. मी मांडवाच्या खांबाला टेकून, शिव्या खायच्या तयारीत उभा होतो. तिसरी ओळ झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुढचं काही आलं नाही. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडे तिने पाहिलं, त्यांनी एकमेकींकडे. एकीने "मामा..." असं सुरू केलं आणि तीही थांबली.

डीजेवाल्याला वाटलं, गाणं संपलं. त्याने बटण दाबलं.

पोरं उड्या मारत पुढे आली. बहीण हळदीचा हात पदराला लागू न देता उठली आणि माझ्याजवळ आली. त्या आवाजात तिला ओरडूनच बोलावं लागलं.

"सुटलास भाऊ! तुझ्या नाशिकवाल्यांनी वाचवलं तुला."

ती हसली नाही. मीही हसलो नाही. तिने हळदीचा तो हात माझ्या गालावर जोरात ओढला आणि पुन्हा पाटाकडे गेली.