म्हातारचळ म्हणा हवं तर

वृद्धांच्या वॉर्डात बत्तीस खाटा आणि पाळीला दोन नर्स. नव्या मुली यायच्या आणि महिनाभरात बदली मागून लहान मुलांच्या वॉर्डात जायच्या. ताई मात्र एकवीस वर्षं तिथंच होत्या. त्यांना ऐंशीच्या आजीसुद्धा ताईच म्हणत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वृद्धसेवेच्या पदव्युत्तर नर्सिंगचा अर्ज भरला. नवऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"या वयात कॉलेज? लोक म्हणतील, म्हातारचळ लागला."

"लागू दे की. म्हाताऱ्यांचाच अभ्यास करायला चाललेय."

तो पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं स्वयंपाकाला लागला.

वर्गात चौघीच, बाकीच्या तिघी ताईंच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच परीक्षेत ताई औषधांच्या विषयात नापास झाल्या. घरी येऊन त्या न जेवता बसून राहिल्या. लेकीनं समोर पुस्तक उघडलं. "मला पाढे घोकायला लावायचीस ना? आता तू घोक."

ताईंनी घोकलं.

पुढं वॉर्डात एक शिंपीकाका आले. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन नीट झालं, पण तिसऱ्या दिवशी ते शिव्या देत सलाईन उपसू लागले. मुलगा म्हणाला, "वय झालं, भ्रमिष्ट झालेत." तरुण डॉक्टर झोपेचं इंजेक्शन लिहायला बसले.

"डॉक्टर, थांबा जरा," ताई म्हणाल्या. "कालच यांनी माझ्या बाहीची उसवलेली शिवण दाखवली होती. एका दिवसात कुणी भ्रमिष्ट होत नाही."

त्यांनी काकांच्या ओटीपोटावर हात ठेवला. दगडासारखं घट्ट. कालपासून सुरू झालेल्या एका गोळीनं लघवी अडली होती. नळी घातली, गोळी बंद केली. दोन दिवसांत काका भानावर आले आणि मुलाला म्हणाले, "शर्टाची कॉलर वाकडी आहे तुझी."

डॉक्टरांनी ताईंना विचारलं, "हे कुठं शिकवतात हो?"

पदवी मिळाल्यावर कॉलेजनं त्यांना शिकवायला बोलावलं. त्या म्हणाल्या, "येते, पण वर्ग वॉर्डातच भरेल."

पहिल्या दिवशी त्यांनी अकरा मुलींच्या कानात कापूस घातला, व्हॅसलिन फासलेले जुने चष्मे त्यांना लावले आणि एकमेकींना भरवायला सांगितलं. आधी खिदळणं, मग घास लहान झाले आणि हात सावकाश चालू लागले. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्षअखेरीस त्यातल्या पाच जणींनी तोच वॉर्ड मागून घेतला. माणसं अजूनही कमीच पडतात. पण आता बदलीचे अर्ज उलट्या दिशेनंही येतात.